पाहुण्यांचं पाणी

लोक सुखी आहेत का हे विचारायचं आणि त्याचे आकडे करायचे, हे माझं काम. सांगितलं की लोक हसतात. माझी आई तर म्हणते, एवढं शिकून शेवटी बापासारखी दारोदारच हिंडतेस. खोटं नाही ते. माझे वडील जुन्नरचे कल्हईवाले. भाता, कोळसा आणि नवसागर सायकलला बांधून ते आंबेगावच्या पार वरच्या अंगाच्या गावांपर्यंत जायचे, कुणाच्या तरी अंगणात बसून पितळी भांडी चकचकीत करून द्यायचे. मी टॅबलेट घेऊन जाते आणि अंगणात बसून प्रश्न विचारते. फरक इतकाच, की त्यांचं काम झालं की भांडं चकाकायचं, माझं झालं की अहवाल चकाकतो.

हा अहवाल तर फारच चकाकत होता.

घोडेगावच्या पुढे, धरण ओलांडून भीमाशंकरच्या बाजूला चढत गेलं की एक वस्ती लागायची. तिच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली. तपासणीला आलेल्या लोकांनी सांगितलं, हा डोंगर एखाद्या पावसाळ्यात खाली येणार, कोणत्या ते सांगता येत नाही. मग सगळी वस्ती उचलून खालच्या माळावर आणली. एका रांगेत पक्की घरं, वीज, बोअरवेल, उंच टाकी, घरोघरी नळ. जुन्या वस्तीच्या वाटेवर ‘प्रवेश बंद’ असा फलक लावला. तीन पावसाळे गेले आणि मग आमच्या संस्थेला सांगण्यात आलं, की लोक नव्या जागी रुजलेत का ते मोजा आणि दुसऱ्या टप्प्यात काय करायचं ते सुचवा.

दुसऱ्या टप्प्यासाठी दोन गोष्टी यादीत होत्या. एक, पलीकडच्या सुरक्षित ओढ्यावरून पिण्याच्या पाण्याची नवी लाइन. दोन, रस्त्याला पेव्हर ब्लॉक आणि वस्तीच्या तोंडाशी कमान. पैसे एकाच कामापुरते होते. पाण्याबद्दल लोक समाधानी निघाले तर कमान, नाही तर लाइन. म्हणजे मी काय लिहिते त्यावर होतं सगळं. या गोष्टीचा मला तेव्हा थोडा अभिमानच वाटत होता, हे कबूल करते.

वैशाखात आम्ही पाच जण गेलो. आदल्या दिवशी फोन करून कळवलं होतं, सगळ्यांनी घरी थांबा म्हणून. रांगेतल्या शेवटच्या घरात एक साठीच्या मावशी आणि त्यांची सून राहायच्या. मुलगा नारायणगावला टोमॅटोच्या गाळ्यावर कामाला, आठवड्याला एकदा घरी. आम्ही टेकायच्या आत सुनेने पितळी हंड्यातून तांब्या भरून आणला. उन्हातून चालून आलेले आम्ही, घटाघटा प्यायलो.

“पाणी किती गोड आहे हो, मावशी!” मी म्हणाले.

मावशींचा चेहरा असा फुलला, की जणू मी त्यांच्या मुलाचं कौतुक केलं. मी टॅबलेटवर बोट ठेवलं. पाण्याची चव, उत्तम. नियमाप्रमाणे पिण्याच्या भांड्यातून नमुना घेतला, म्हणजे त्याच हंड्यातून. नियमाप्रमाणे पाण्याच्या भांड्यांचा फोटो काढला. घराबद्दल विचारलं, “बरं हाय.” विजेबद्दल विचारलं, “बरं हाय.” नळाबद्दल विचारलं, “येतंय की.” जुन्या वस्तीकडे कुणी जातं का?

“न्हाई बा. तिकडं काय ऱ्हायलंय आता?”

सून दारात उभी राहून पदराने मान पुसत होती. सकाळची वेळ आणि ही एवढी घामाघूम कशी, हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. पण टॅबलेटवर त्याला रकाना नव्हता.

रांगेतल्या प्रत्येक घरात हेच झालं. गार पाणी, सोनेरी चहा आणि बरं हाय. परतताना आमच्यातला एक जण म्हणाला, इतकं सोपं सर्वेक्षण मी उभ्या जन्मात केलं नाही. आम्ही सगळे हसलो. मी तर सगळ्यात मोठ्याने.

आषाढ अर्धा सरला तेव्हा अहवाल पूर्ण झाला. जुन्नरला घरी बसून मी फोटो लावत होते आणि वडील शेजारी होते. आता त्यांना फार दिसत नाही, पण भांडं दिसतं. मावशींच्या घरातला फोटो पडद्यावर आला तशी त्यांनी माझा हात धरला.

“थांब. हा हंडा कुणाचा?”

सांगितलं.

“आणि ही कडेची बादली? ती त्याच घरातली?”

“हो.”

“मग एका घरात दोन पाणी कसं?”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून दाखवलं. बादलीच्या आतून पांढऱ्या खरपुडीचं कडं चढलं होतं, पार काठापर्यंत. खारं पाणी महिनोन् महिने भरलं की चढतं तसं. आणि हंडा आतून लख्ख.

“या बादलीतलं पाणी हंड्यात पडत असतं तर हंडा असा राहिला नसता. ही दोन भांडी एका पाण्याची नाहीत.”

मी पुढचा फोटो उघडला. शेजारच्या घरातला. पांढरी बादली, लख्ख कळशी. त्याच्या पुढचा. तेच. कल्हईवाल्याची मुलगी मी, भांड्यांवर वाढलेली, आणि एवढे फोटो स्वतःच्या हाताने काढून मला काही दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बादलीतलं पाणी नळाचं, मग हंड्यातलं कुठलं? हंडा डोक्यावर आणता येईल एवढ्या जवळ बारमाही गोड पाणी एकाच ठिकाणी होतं. जुन्या वस्तीतला झरा. त्या भेगेच्या बरोबर खाली.

वडिलांनी चहा संपवला आणि म्हणाले, “लोक आधी चांगलं भांडं पुढं करतात. फुटकं आणतात आपण उठायला लागल्यावर. तू फार लवकर उठलीस.”

मला रागच आला. त्यांचा नाही, माझा. बाहेर पाऊस धरून होता आणि त्या पावसात, त्या डोंगराखाली बायका हंडे घेऊन जात असणार. माझ्या अहवालात मात्र पाणी उत्तम होतं, म्हणजे त्या कायम जात राहणार आणि वस्तीला कमान मिळणार.

साहेबांना फोन लावला. आमचे साहेब माणूस वाईट नाही. त्यांना आकडे आवडतात आणि जमलेले आकडे विस्कटलेले आवडत नाहीत.

“बादलीवरून आख्खा अहवाल फिरवायचा? परवा बैठक आहे.”

“साहेब, आपण नमुना भलत्याच पाण्याचा घेतलाय.”

“मग जाऊन नळाचा घेऊन या. उद्याच्या उद्या.”

मी लगेच मावशींना फोन केला. उद्या सकाळी येते, दोन-चार प्रश्न राहिलेत, घरीच थांबा. त्या म्हणाल्या, “या की. कवाबी या.” फोन ठेवला आणि आपण वेळेवर जागे झालो म्हणून मला बरं वाटलं. काय करून बसले होते ते दुसऱ्या दिवशी कळलं.

घोडेगावपासून वडापची जीप, पुढे पायी. धुकं इतकं दाट होतं की डोंगर आहे की नाही तेच कळेना. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. “या, बसा” म्हणाल्या, घोंगडी पुढे केली. पण पाणी आलं नाही. चहाही ठेवला नाही. मागच्या वेळी टेकायच्या आत तांब्या पुढे आला होता.

“सून कुठंय?”

“दुकानात गेली. यील इतक्यात.”

येताना मी दुकानावरूनच आले होते. ते बंद होतं. मी घरात डोकावले. घडवंची रिकामी. हंडा नव्हता, वरची कळशी नव्हती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी काल फोन केला होता. पाहुणी येणार म्हणून सांगितलं होतं. मी येणार नसते, तर एवढ्या पावसात ती गेली नसती.

“मावशी, ती झऱ्यावर गेलीय. माझ्यासाठी पाणी आणायला.”

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. “पावणी यायची म्हन्ल्यावर घरात पानी नगं व्हय?”

“नळ आहे की!”

“ते?” मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना काही तरी अभद्र सुचवलंय. “त्यात डाळ शिजत न्हाई. च्या काळा पडतो. ते पावण्याला देत्यात व्हय कुणी?”

“मग तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?”

“घर दिलं, लाईट दिली, नळ दिला. आन् तुमी आमच्या दारी आल्यावर वर त्यालाच नावं ठिवायची? आमाला वळण हाय का न्हाई?”

मी छत्री उचलली आणि निघाले. मावशींनी मनगट धरलं. हाताला जोर होता.

“तू नगं जाऊ. वाट ठावं न्हाई तुला. ती यील, तिला ठावं हाय.”

मग आम्ही बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी मोबाईलवर वेळ बघत होते आणि बघितलेलं विसरत होते. पाऊस वाढला. मावशी एक-एक खडा काढून बाजूला टाकत होत्या, मग खडे संपले तरी हात फिरवत राहिल्या. शेजारणी एकेक करून ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. “गेलीय का?” “गेलीय.” एवढंच. सुनेच्या नावाने कुणी हाक मारली नाही की देवाचं नाव घेतलं नाही.

आणि वरून आवाज आला. ढगांचा नव्हता तो. पोती भरलेली गाडी कुणीतरी रिकामी करावी तसा, आणि लगेच बंद.

मावशींचा हात सुपात थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी धुक्याकडे. मनात एकच चालू होतं, हिला काही झालं तर ते मी केलं. डोंगराने नाही, मी. एक फोन करून.

दोन गडी टॉर्च आणि दोर घेऊन वाटेला लागले आणि फलकाच्या पुढे जातात न जातात तोच धुक्यातून ती आली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल नव्हती. ती चालत आली, आत गेली, हंडा घडवंचीवर ठेवला, मग म्हणाली, “आंब्यापासली वाट बसली, आत्या. मी वरनं फिरून आले.” आवाज अगदी साधा. पण तांब्या भरताना पाणी कडेने सांडत होतं.

तो तांब्या तिने आधी माझ्यापुढे धरला.

मी तो घेऊ शकले नाही. उठले, कोपऱ्यातल्या पांढऱ्या बादलीतून पेला भरला आणि नळाचं पाणी प्यायले. खारट, जड, घशाला चिकटणारं. सुनेला माझं तोंड बघून हसू आलं. मावशींना मात्र आलं नाही. त्यांनी मान फिरवली. पुढे केलेला तांब्या परत गेला, हे त्यांना फार लागलं. मी बोलायचा प्रयत्न केला. माझे वडील या बाजूला कल्हईला यायचे, तुमचा हंडाही त्यांनीच केला असेल, मला पाहुणी समजू नका, असं काहीबाही. मावशी म्हणाल्या, “आमचा कल्हईवाला खेडवरनं यायचा.” संपलं.

नळाची बाटली भरून मी परत आले. बैठकीत साहेबांनी ती उजेडात धरली. दिसायला पाणी पाण्यासारखंच होतं. पैसे मंजूर करणाऱ्या समितीतले एक जण म्हणाले, एका घराच्या बाटलीवरून कसं ठरवायचं, आधीचे आकडे तर सगळ्या घरांचे आहेत. बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त चीड आली. शेवटी साहेब म्हणाले, “आम्ही सगळेच येऊन बघतो. दहा-बारा जण होऊ. सोमवारी. तुम्ही वस्तीत कळवून टाका.”

कळवून टाका.

मी घरी येऊन मोबाईल हातात घेऊन बसले. एका पाहुणीसाठी ती तेवढ्या पावसात गेली होती. बारा जणांसाठी किती खेपा? आणि कळवलं नाही तरी गाड्या दिसल्या की बायका मागच्या दाराने निघणार. वाट तर बसलेली. शेवटी फोन केला आणि सरळ सांगितलं.

“मावशी, सोमवारी मोठी माणसं येणार आहेत. त्यांना नळाचं पाणी द्या.”

पलीकडे पावसाचा आवाज.

“सायबांस्नी?”

“त्यांनी ते प्यायल्याशिवाय त्यांना कळणार नाही. कागदावर कळत नाही, मावशी. तुम्ही गोड पाणी दिलंत तर ते गोड लिहून जातील, माझ्यासारखे. आणि सून कायम जात राहील.”

“बाकीच्या बाया काय म्हन्तील?”

“त्यांनाही सांगा.”

“बघते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. बघते म्हणजे हो नव्हे, हे मला कळत होतं.

सोमवारी दोन गाड्यांतून आम्ही गेलो. मी पुढच्या गाडीत काचेला नाक लावून वाटेकडे बघत होते, कुणाच्या डोक्यावर हंडा दिसतो का म्हणून. साहेब पेव्हर ब्लॉकच्या रंगाबद्दल काहीतरी विचारत होते, मी काय उत्तर दिलं आठवत नाही. पाऊस थांबला नव्हता.

मावशींच्या घरात सतरंज्या अंथरल्या होत्या. मावशी धुतलेलं लुगडं नेसून उभ्या होत्या. सून नव्हती. मी घडवंचीकडे बघितलं. हंडा तिथेच होता. पालथा. भरल्या घरात, पाहुणे आलेले असताना, हंडा पालथा घातलेला. आणि मग आतल्या दारातून सून बाहेर आली, दोन्ही हातांत स्टीलचे पेले घेऊन, पायांत चप्पल, पाय कोरडे.

ते पेले मावशींनी तिच्या हातातून घेतले. सुनेला देऊ दिले नाहीत. एकेका पाहुण्यापुढे जाऊन त्यांनी स्वतः पाणी दिलं आणि देताना एकाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत दिलं.

साहेबांनी मोठा घोट घेतला. थांबले. इकडेतिकडे बघितलं, दाराबाहेर थुंकता येईल का याचा अंदाज घेतला, आणि चांगल्या घरचा माणूस म्हणून गिळलं. माझ्याकडे बघितलं. समितीतल्या त्या आकडेवाल्या गृहस्थांनी पेला हळूच सतरंजीच्या कडेला ठेवला. पुढच्या घरी पुन्हा तेच पाणी, त्याच्या पुढच्या घरी पुन्हा तेच. चौथ्या घरी साहेब हात जोडून म्हणाले, “नको, झालं.”

गाडीत बसताना त्यांनी एवढंच विचारलं, की ओढ्याची लाइन पावसाळ्यानंतर सुरू केली तर किती दिवस लागतील. ती झालीही, उशिराने, रखडत. कमान अजून झालेली नाही आणि कुणी तिची आठवणही काढत नाही. आता आमच्या संस्थेत नमुना घेताना कुठल्या भांड्यातलं ते लिहायचा रकाना आहे. माझ्या हट्टाने घातला तो.

त्या दिवशी गाड्या निघाल्या तरी मी मागे थांबले. वडिलांचं ऐकून, यावेळी उशिरा उठायचं ठरवलं होतं. मावशी मोरीत बसून ते पेले राखेने घासत होत्या. पेल्यांना काही लागलेलं नव्हतं, तरी एकच पेला परत परत. मी शेजारी टेकले.

“मावशी, तुमच्यामुळे झालं.”

त्यांनी डोळे पुसले, राखेच्याच हाताने. गालाला पांढरा पट्टा ओढला गेला.

“माज्या आईनं, सासूनं, एकीनंबी आसलं पानी कुनाला दिलं न्हाई. दुष्काळातबी न्हाई. आज म्या बारा मानसांस्नी दिलं.” मग पेला उपडा ठेवला आणि म्हणाल्या, “हे लिवायला जागा हाय का गं तुज्या त्या पाटीवर?”

नव्हती. मी खाली बघितलं आणि दुसरा पेला घासायला घेतला.

आत सुनेने चहा ठेवला होता. ती भांड्यात बघून ओरडली, “आत्या, काळा झाला बगा पुन्यांदा!”

मावशी थोडा वेळ ऐकत राहिल्या, चहाचं नाही, तिचा आवाज.

“हुं दे काळा,” त्या म्हणाल्या. “तू घरात हायेस न्हवं.”